खलाशांचे मास्तर पिएर बूगेर : समुद्राच्या हवेत हरवणाऱ्या उजेडाचा हिशोब

सायन्सला असलेल्या मुलांना कॉलेजात एक नियम शिकवला जातो. रंगीत द्रावणातून प्रकाश गेला की तो किती कमी होतो, याचा हा नियम. पुस्तकात त्यावर दोन नावं असतात, बिअर आणि लँबर्ट. मुलं तो पाठ करतात, गणितं सोडवतात, मार्क मिळवतात. पण हा नियम ज्या माणसाने सगळ्यात आधी मांडला, त्याचं नाव बहुतेक पुस्तकांत सापडत नाही. तो माणूस म्हणजे फ्रान्सच्या समुद्रकाठचे एक मास्तर, पिएर बूगेर. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले, त्यामुळे या मास्तरांबद्दल आम्हाला जरा जास्तच आपुलकी वाटते. आज त्यांची ओळख करून घेऊ या. चांदरातीला आभाळाकडे बघणाऱ्या आपल्या घरांशीही त्यांच्या कामाचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

पिएर बूगेर यांचा जन्म फेब्रुवारी 1698 मध्ये ल क्रोआझिक या गावी झाला. फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, तिथलं हे छोटंसं बंदर. तीन बाजूंनी अटलांटिक समुद्र. वडील जाँ बूगेर हे सरकारी नौकानयन शिक्षक होते. खलाशांना आणि जहाजावरच्या अधिकाऱ्यांना ताऱ्यांवरून, सूर्यावरून जहाजाची जागा कशी काढायची, नकाशा कसा वाचायचा, हे ते शिकवत. या विषयावर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतली माणसं जहाजावर नोकरीला असतात. त्यांना वेगळं सांगायला नको की या विद्येवर माणसांचे जीव अवलंबून असतात.

मुलगा घरातच गणित शिकला. पुढे व्हान शहरातल्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत त्याची तालीम झाली. मग 1714 मध्ये वडिलांचं निधन झालं. पिएर तेव्हा अवघा पंधरा-सोळा वर्षांचा. वडिलांची जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी या पोराने अर्ज केला. एवढ्या लहान मुलाला सरकारी शिक्षक कसं करायचं, अशी शंका आधी घेतली गेली. मग त्याची कडक परीक्षा झाली, आणि तो पास झाला. ज्या वयात आपली मुलं दहावीचे क्लास करतात, त्या वयात पिएर बूगेर आपल्या दुपटीच्या वयाच्या दर्यावर्दी माणसांना शिकवू लागले.

घरचा कर्ता माणूस गेल्यावर ज्या मुलावर घर येऊन पडतं, त्याचं शिक्षण बहुधा तिथेच थांबतं. आपल्या वस्त्यांत हे आपण रोज बघतो. बूगेर यांच्या हाती मात्र वडिलांची जागा आली आणि त्या जागेबरोबर पुस्तकंही राहिली. शिकवता शिकवता ते शिकत गेले.

1727 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एक बक्षीस जाहीर केलं होतं. जहाजाला डोलकाठ्या कशा आणि कुठे लावाव्यात, असा प्रश्न होता. या स्पर्धेत वीस वर्षांचा एक स्विस तरुणही होता. पुढे जगातला महान गणिती म्हणून गाजलेला लिओनार्ड ऑयलर तो हाच. पहिलं बक्षीस मिळालं बूगेर यांना. त्यानंतर 1729 मध्ये समुद्रावरून ताऱ्यांची उंची कशी मोजावी या विषयावर आणि 1731 मध्ये समुद्रावर होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे कसं काढावं या विषयावरही बक्षीस त्यांनाच मिळालं. तीनही विषय थेट खलाशांच्या कामाचे होते, हे लक्षात घ्या.

पण आज आपल्याला सांगायची आहे ती गोष्ट प्रकाशाची.

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट माहीत असते. आभाळात ढग नसला तरी क्षितिजाजवळ हवा पांढुरकी, धूसर दिसते. सूर्य डोक्यावर असताना त्याच्याकडे बघवत नाही, पण मावळताना तोच सूर्य लाल होतो आणि डोळ्याला सोसवतो. म्हणजे मधली हवा प्रकाश खाते, किंवा इकडेतिकडे उधळून टाकते. हे सगळ्यांना दिसत होतं. प्रश्न होता, किती?

हा किती फार अवघड होता. त्या काळी प्रकाश मोजणारं कुठलंच यंत्र नव्हतं. होता तो माणसाचा डोळा. आणि आपला डोळा मोठा फसवा गवाह आहे. उन्हातून घरात आलो की काळोख वाटतो, थोड्या वेळाने त्याच खोलीत पेपर वाचता येतो. खोलीतला उजेड बदललेला नसतो, डोळा बदललेला असतो. अशा डोळ्याला विचारलं की हा दिवा त्या दिव्याच्या किती पट आहे, तर तो काय सांगणार? अंदाज ठोकणार.

बूगेर यांनी इथे फार साधी गोष्ट ओळखली. डोळ्याला किती पट हे सांगता येत नाही, पण शेजारी शेजारी ठेवलेले दोन पृष्ठभाग सारखेच उजळ आहेत की नाहीत, हे तो अगदी बारकाईने सांगतो. तर मग डोळ्याला तेवढंच विचारायचं. बाकीचा हिशोब गणिताने करायचा. मेणबत्ती दुप्पट लांब नेली की तिचा उजेड चौथाई होतो, तिप्पट लांब नेली की नववा हिस्सा होतो. हा नियम केप्लर यांनी शंभरेक वर्षं आधी सांगून ठेवला होता. म्हणजे उजेड कमीजास्त करण्याची किल्ली हातात होती. मेणबत्ती मागेपुढे सरकवायची, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की थांबायचं, आणि अंतर मोजायचं.

त्याच सुमारास मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लेखातून एक प्रश्न पुढे आला होता. आभाळातल्या दोन वेगवेगळ्या उंचीवर सूर्याचा प्रकाश किती पोहोचतो हे कळलं, तर बाकी सगळ्या उंचीचा हिशोब मांडता येईल. पण ते दोन आकडे आणायचे कुठून? बूगेर यांनी सूर्याऐवजी चंद्र घेतला, कारण चंद्राच्या उजेडाची बरोबरी मेणबत्त्यांशी करता येते.

23 नोव्हेंबर 1725 ची रात्र. जागा तीच, ल क्रोआझिक. चंद्र क्षितिजापासून सुमारे 19 अंशांवर असताना त्यांनी त्याचा उजेड मेणबत्त्यांशी जुळवला. मेणबत्त्या 50 फुटांवर न्याव्या लागल्या. नंतर चंद्र 66 अंशांवर, म्हणजे बराच वर चढला. आता तो जास्त उजळ होता, त्यामुळे मेणबत्त्या जवळ, 41 फुटांवर आणाव्या लागल्या. झालं. 41 चा वर्ग 1681 आणि 50 चा वर्ग 2500. म्हणजे वर असताना चंद्राचा उजेड 2500 धरला, तर खाली असताना तो फक्त 1681 पोहोचत होता. सुमारे एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला होता.

असं का? कारण चंद्र खाली असला की त्याचे किरण हवेतून तिरके येतात आणि त्यांना जास्त जाड थर पार करावा लागतो. अगदी डोक्यावरच्या हवेची जाडी एक धरली, तर 66 अंशांवर ती एकाहून जराशीच जास्त असते, 19 अंशांवर मात्र तिप्पट होते. या दोन आकड्यांवरून आपणही हिशोब करू शकतो. उत्तर येतं ते असं, की चंद्र अगदी डोक्यावर असला तरी स्वच्छ हवा त्याच्या प्रकाशाचा जवळपास पाचवा हिस्सा कमी करते. शंभरातले सुमारे 81 भाग खाली पोहोचतात. तीनशे वर्षांपूर्वी, मेणबत्ती आणि मोजपट्टी घेऊन काढलेला हा आकडा आजच्या यंत्रांच्या मोजणीसमोरही लाजिरवाणा ठरत नाही.

याच्यामागे जो नियम होता, तो बूगेर यांनी 1729 मध्ये एका छोट्या पुस्तकात मांडला. नियम असा, की हवेचा, पाण्याचा किंवा काचेचा प्रत्येक सारखा थर प्रकाशातून ठरावीक रक्कम कापत नाही, ठरावीक हिस्सा कापतो. फरक समजून घ्या. समजा कुणाकडे 40,000 रुपये पडून आहेत, नवीन कमाई काही नाही. त्यावर दर वर्षी अडीच टक्के जकात निघते. पहिल्या वर्षी 1,000 रुपये निघतील. दुसऱ्या वर्षी पुन्हा 1,000 नाही, उरलेल्या 39,000 चे अडीच टक्के, म्हणजे 975. तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. हिस्सा तोच, रक्कम घटत जाते. प्रकाशाचंही तसंच. समुद्रावरच्या धूसर हवेत दर किलोमीटरला पाचवा हिस्सा जात असेल, तर पाच किलोमीटर गेल्यावर प्रकाश संपत नाही, सुमारे 33 टक्के उरतो. दहा किलोमीटरनंतर जवळपास 11 टक्के. दीपस्तंभाचा दिवा किती लांबून दिसेल, हे याच हिशोबावर ठरतं.

आणखी दोन गोष्टी त्यांनी मोजल्या. मेणबत्ती मध्यस्थ ठेवून सूर्य आणि चंद्र यांची तुलना केली. सूर्याचा प्रकाश पूर्ण चंद्राच्या सुमारे तीन लाख पट आहे, असं त्यांना आढळलं. आजचा आकडा चार लाखांच्या आसपास आहे. दुसरी गोष्ट डोळ्याची. दोन उजेडांत किती फरक असला म्हणजे डोळ्याला तो कळतो? त्यांचं उत्तर होतं, सुमारे 64 वा हिस्सा. त्याहून कमी फरक असला तर डोळा दोन्ही सारखेच म्हणतो. म्हणजे ज्या साधनाने मोजायचं, त्या साधनाची मर्यादाही त्यांनी मोजून ठेवली. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामातली ही सगळ्यात मोठी शिकवण आहे.

1730 मध्ये ते ल हाव्र या मोठ्या बंदरात शिकवायला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या अकादमीत त्यांची निवड झाली. मग 1735 मध्ये आयुष्याला वळण देणारा सफर सुरू झाला. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की विषुववृत्ताकडे, यावर युरोपात जोराचा वाद होता. तो मिटवण्यासाठी विषुववृत्ताजवळ जाऊन पृथ्वीच्या एका अंशाची लांबी मोजायची ठरली. गोदँ, ला कोंदामिन आणि बूगेर हे तिघे या मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ. जागा होती तेव्हाच्या स्पॅनिश पेरूतला किटो, म्हणजे आजचा इक्वेडोर देश. अँडीज पर्वताच्या थंडीत, तंबूत राहून, ढग सरकण्याची दिवसेंदिवस वाट बघत त्यांनी किटोपासून क्वेंकापर्यंतचा पट्टा मोजला. तिघांत भांडणं झाली, पैशांची ओढाताण झाली. मोहिमेचा डॉक्टर क्वेंकाच्या दंगलीत मारला गेला. बूगेर 1744 मध्ये फ्रान्सला परतले. घर सोडून नऊ वर्षं झाली होती.

निकाल न्यूटनच्या बाजूचा निघाला, पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली आहे. 1738 मध्ये चिंबोराझो पर्वताजवळ त्यांनी ओळंबा लावून बघितला, की एवढा मोठा डोंगर ओळंब्याला आपल्याकडे खेचतो का. ओढ सापडली, पण अपेक्षेपेक्षा बरीच कमी. गुरुत्वाकर्षणातल्या अशा फरकाला भूशास्त्रज्ञ आजही बूगेर यांचंच नाव देतात. पांबामार्का डोंगरावर धुक्यात उभं असताना समोरच्या ढगावर पडलेल्या स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसली, त्याचंही वर्णन त्यांनी लिहून ठेवलं. आणि याच डोंगरांत, समुद्रापासून इतक्या लांब, त्यांनी जहाजबांधणीवरचा मोठा ग्रंथ तयार केला. तो 1746 मध्ये छापून आला. जहाज कलंडल्यावर पुन्हा सरळ होईल की उलटेल, हे आधीच हिशोबाने कसं काढावं, ते त्यात दिलं आहे.

शेवटच्या वर्षांत ते पुन्हा प्रकाशाकडे वळले. 1729 चं छोटं पुस्तक वाढवून मोठा ग्रंथ लिहिला. पण छापील प्रत बघणं नशिबात नव्हतं. 15 ऑगस्ट 1758 रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. मित्र असलेले खगोलशास्त्रज्ञ लाकाय यांनी तो ग्रंथ 1760 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी लँबर्ट यांचं प्रकाशमापनावरचं पुस्तक आलं. त्यातही हा नियम होता. बूगेर यांच्या जुन्या पुस्तकाच्या प्रती दुर्मिळ, त्यामुळे लोकांनी नियमाला लँबर्टचं नाव दिलं. पुढे 1852 मध्ये बिअर यांनी द्रावणांवर काम केलं, त्यांचंही नाव जोडलं गेलं. पहिला माणूस मागे राहिला. काही पुस्तकं आता तिन्ही नावं देतात. शिक्षकांनी वर्गात एवढं तरी सांगावं, अशी आमची विनंती आहे.

बूगेर गेल्यानंतर 42 वर्षांनी, 1800 मध्ये, विल्यम हर्शल यांना लाल रंगाच्याही पलीकडे न दिसणारे किरण सापडले. डोळ्याला ते दिसत नाहीत, पण थर्मामीटर तापतो. यांनाच आपण अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण म्हणतो. आता बूगेर यांचा प्रश्न या किरणांनाही विचारता आला. समुद्राच्या हवेतून ते किती पोहोचतात? 1859 पासून जॉन टिंडल यांनी प्रयोगांनी दाखवलं की हवेतली पाण्याची वाफ हे उष्ण किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. समुद्राच्या हवेत वाफ तर भरपूर. शिवाय लाटा फुटताना उडालेले मिठाचे बारीक कण हवेत तरंगतात. मीठ पावसाळ्यात डब्यातसुद्धा ओलं होतं, तसे हे कण हवेतलं पाणी ओढून फुगतात आणि उजेड उधळतात. दमट दिवशी किनारा जास्त धूसर दिसतो, तो यामुळे.

अवरक्त किरणांतही सगळे सारखे नाहीत. काही पट्टे वाफ जवळपास गिळून टाकते, तर काही पट्ट्यांतून वाट मोकळी असते. हलक्या धूसर हवेतून लांब लहरींचे अवरक्त किरण दिसणाऱ्या उजेडापेक्षा सहज जातात, कारण धुरकटीचे कण त्यांच्या लहरींच्या मानाने फार लहान असतात. दाट धुकं आलं की मात्र थेंब मोठे असतात आणि हा फायदा उरत नाही. म्हणून रात्री बघणारे कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या जहाजांनाही आधी हवा मोजावी लागते. पद्धत आजही बूगेर यांचीच आहे. एका टोकाला ठरावीक ताकदीचा दिवा, दुसऱ्या टोकाला तो मोजणारं यंत्र. निघाला किती, पोहोचला किती. विमानतळाच्या धावपट्टीजवळ अशीच यंत्रं बसवलेली असतात. सूर्य वरखाली होताना त्याचा प्रकाश मोजून हवेतली धूळ ठरवणारी उपकरणं तर सरळसरळ ल क्रोआझिकच्या त्या रात्रीची लेकरं आहेत.

आता चांदरातीचं बघू. ईदचा चांद मावळतीला, क्षितिजाला टेकलेला असतो. तो 10 अंशांवर असेल तर किरणांना डोक्यावरच्या हवेच्या साडेपाच पटींहून जास्त जाडी पार करावी लागते. 5 अंशांवर ती सुमारे दहा पट होते. क्रोआझिकच्या त्या रात्रीसारखी स्वच्छ हवा धरली, तरी 10 अंशांवरच्या चंद्राचा एक तृतीयांशाहूनही कमी आणि 5 अंशांवरच्या चंद्राचा फक्त आठवा हिस्सा उजेड आपल्यापर्यंत पोहोचतो. आपल्या पश्चिमेला अरबी समुद्र. तिथली हवा दमट, खारट, जास्त धूसर. त्यात मगरिबच्या वेळी आभाळ अजून उजळ असतं, चंद्राची कोर बारीक असते.

म्हणून एका गावाला चांद दिसला आणि दुसऱ्याला दिसला नाही, तर कुणी लगेच खोटं बोलत असतं असं नाही. दोन्ही गावांची हवा वेगळी असू शकते. दरवर्षी व्हॉट्सअॅपवर यावरून जे बोल लावले जातात, घराघरांत जी कटुता येते, ती टाळता येण्यासारखी आहे. चांद झाला की नाही, हा फैसला उलमा आणि हिलाल कमिटी करतील, तो आमचा विषय नाही. आम्ही फक्त एवढंच म्हणतो, की डोळा सच्चा असला तरी त्याची एक हद्द असते. डोळा आणि प्रकाश यांचा कसून अभ्यास करणारे इब्न अल-हैथम आपल्या तारखेत हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. आपल्या मुलांना हा विषय परका वाटायचं काहीच कारण नाही.

घरी करता येण्यासारखा बूगेर यांचा एक प्रयोग सांगतो. मोठ्यांनी जवळ थांबून मुलांकडून करून घ्यावा. अंधाऱ्या खोलीत भिंतीला पांढरा कागद लावा. एक मेणबत्ती कागदापासून एक फुटावर, थोडी बाजूला ठेवा. तशीच दुसरी दोन-तीन फुटांवर. दुसऱ्या मेणबत्तीच्या वाटेत एक पेन्सिल अशी धरा की तिची सावली कागदावर पडेल. आता ही दुसरी मेणबत्ती हळूहळू मागे न्या. सावली फिकट होत जाईल. आठ फुटांच्या आसपास ती दिसेनाशी होईल. आठाचा वर्ग 64. पेन्सिल तिथेच आहे, सावलीही खरं तर तिथेच आहे, फक्त आपल्या डोळ्याला ती कळत नाही. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग मोजायला सांगा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवायला सांगा.